फटी बुजवलेली खोली

रिटायर झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नाहीतर सकाळी मैदानात चकरा मारत राजकारणावर तोंडसुख घेतात. माझ्या वडिलांनी ड्रिल मशीन घेतलं. सगळं तिथून सुरू झालं असं मी कधी कधी म्हणते आणि मग माझी मलाच चीड येते. मशीनचा काय दोष? मशीन भिंतीला भोकं पाडतं. आमच्या घरात शेवटी भोकांचाच तुटवडा पडला.

माझं माहेर नगरला लागून असलेल्या भिंगारचं. पप्पांची सगळी नोकरी लष्कराच्या डेपोत, सिव्हिलियन स्टाफमध्ये, स्टोअर सांभाळण्यात गेली. क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा त्यांनी एका बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर छोटा फ्लॅट घेतला. पुढे मोकळं रान. बिल्डरने खिडक्या काय बसवल्या होत्या, देवच जाणे! वारा सुटला की रात्रभर खडखड, आणि सकाळी ओट्यावर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. आई म्हणायची, "ह्ये घर हाय का यष्टी स्टँड?"

पप्पांनी ते मनावर घेतलं. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि कामाला लागायचे. गॅलरीत कपडे वाळवायला दोरीची खालीवर होणारी काठी लावली. जुन्या दाराच्या प्लायवूडचं भिंतीला मिटणारं टेबल केलं. ओट्यामागे चिकटवायच्या टाइल्स लावल्या, त्या इतक्या हुबेहूब की शेजारच्या काकूंनी नखाने खरवडून बघितल्या. बाथरूममध्ये कबुतरं घरटं करायची, तिथे जाळी. सगळं स्वस्तातलं, सगळं हाताने केलेलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पप्पांच्या हौसेला तर थांबाही नव्हता. आणि खरं सांगते, घर छान झालं होतं. सुप्याहून मी माहेरी गेले की आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर मला राग यायचा. आमच्याकडे एमआयडीसीतले ट्रक दिवसभर घरघरतात आणि माझ्या नवऱ्याला भिंतीत सरळ खिळा ठोकता येत नाही.

मला दिवस गेले आणि पप्पांच्या हौसेला कारण मिळालं. बाळंतपण माहेरी, ऐन थंडीत. नगरची थंडी ज्यांनी भोगली नाही त्यांना सांगून कळत नाही. पाण्याचा नळ सोडला तरी हात मागे येतो.

इथे आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आई पाथर्डीकडची. तिचे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि पोरं बरोबर. कारखान्याच्या आवारात उसाच्या पाचटाची कोपी घालायची आणि हंगाम संपेपर्यंत त्यातच राहायचं. तिच्या पाठचा भाऊ अशाच एका कोपीत जन्मला. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवायचे, तशी पद्धत. पण आजीला तिसऱ्याच दिवशी फडावर जावं लागलं, निखारे विझले, आणि संध्याकाळी आजी परतली तेव्हा बाळ गार पडलं होतं. आई तेव्हा घरात होती. घरात म्हणजे कोपीत. ती त्याला सांभाळायला ठेवलेली होती आणि स्वतः लहान होती. ही गोष्ट तिने मला आयुष्यात एकदाच सांगितली, तीही भांडी घासत, पाठ करून.

त्यामुळे थंडी म्हटलं की माझ्या आईची अक्कल गहाण पडते. हे मी प्रेमाने म्हणते आणि रागानेही म्हणते.

"बाळंतिनीला वारं लागलं तर जन्माचं दुखनं," ती पप्पांना म्हणाली. "त्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नगं."

झालं. पप्पांना हुकूमच मिळाला. बेडरूमच्या सरकत्या खिडक्यांच्या खाचेत त्यांनी फोमच्या पट्ट्या बसवल्या. काचांवर फुगेवालं प्लास्टिक लावून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. वर झरोका होता, तो ॲक्रिलिकच्या तुकड्याने बंद केला आणि कडेने सिलिकॉन भरलं. दाराखाली रबराची जाड पट्टी लावली. ती फरशीला इतकी घट्ट बसायची की दार जरा उचलून ओढल्याशिवाय उघडायचं नाही. मी सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला गेले तेव्हा त्यांनी मला खोलीत उभं केलं, "ऐकू येतं का काही, सांग," म्हणाले आणि बाहेरून दार लावलं.

काही ऐकू येत नव्हतं. रानातला वारा नाही, रस्त्यावरची गाडी नाही. पप्पा तोंडाने बोलत असतील तेही नाही. मला छातीत एकदम कसंतरी झालं. पोटात बाळ असलं की असं होतं, असं मी धरून चालले.

"एक फट ठेवली नाही," दार उघडून ते म्हणाले. भेटेल त्याला ते हेच सांगत होते. बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो टाकले, लोकांनी अंगठे दाखवले, दोघातिघांनी आपल्याही खिडक्यांना पट्ट्या लावून घेतल्या.

मुलगा झाला. नॉर्मल, सगळं ठीक. घरी आलो आणि त्या खोलीत आमचा मुक्काम पडला. बॉक्सच्या पलंगाखाली शेगडी कशी ठेवणार? म्हणून पप्पांनी माळ्यावरून जुनी लोखंडी बाज काढून तिला नवारीची नवी पट्टी विणली. माझ्या कानात कापूस, डोक्याला फडकं, पायात मोजे. आरशात बघितलं तर मीच मला ओळखेना. सकाळी आई मला आणि बाळाला तेल लावून अंघोळ घालायची, मग बाजेखाली शेगडी सरकवायची, दार लावायची आणि बाळाला पायांवर घेऊन भिंतीला टेकून बसायची. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं टाकायची. शेक सुरू असताना पुरुषाने खोलीत यायचं नाही. पप्पा बाहेर काहीतरी ठोकत बसायचे.

पहिल्या दिवसांत शेगडीत गवऱ्या होत्या. खोली धुराने भरली, दार उघडल्यावर तो धूर जिन्यात गेला आणि खालच्या काकू खोकत वर आल्या. ग्रुपवर चेअरमननी मेसेज टाकला की सभासदांनी घरात धूर करू नये, इतरांना त्रास होतो. हात जोडलेली खूण वगैरे टाकून. आईला तो फार लागला.

"आमी काय जंगलातून आलोय व्हय?" ती फणफणली. पण लाजलीही. मुलीच्या बाळंतपणात कुणाचं बोलणं नको म्हणून तिने मार्ग काढला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळसा आणायला लागली. गॅलरीत शेगडी पेटवायची, कोळसे लालबुंद फुलू द्यायचे, पार धूर सरला की मगच आत आणायची. मला म्हणाली, "बघ, धूर न्हाई, वास न्हाई. डोळ्याला पानीसुदिक न्हाई. लई झ्याक काम झालं." चेअरमनच्या बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं. त्या बाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही भारी आहात हं."

आम्हाला सगळ्यांना डोळ्यांना दिसणाराच धूर माहीत होता. डोळे चुरचुरले नाहीत म्हणजे हवा चांगली, असा आमचा साधा हिशेब.

त्याच सुमारास माझं डोकं दुखायला लागलं. साधं नाही, कवटीला दोरी बांधून कुणी पीळ भरतंय असं. शेक झाला की दुखायचं, दुपारपर्यंत मळमळायचं, संध्याकाळी उतरायचं. मी कुरकुरले. आईने माझं कपाळ चाचपलं आणि निदान केलं, "कानाला वारं लागलं असंल." मग कापूस जास्त, फडकं आणखी घट्ट, आणि शेगडीत कोळसे वाढवले. तिलाही एकदा भडभडून उलटी झाली. "पित्त हाय माझं जुनं," म्हणाली आणि सुंठ चघळत बसली.

बाळाला तपासायला दवाखान्यात नेलं त्या दिवशी शेक चुकला. रिक्षात दोन्ही बाजूंनी गार वारा आत येत होता, आई पदराने मला झाकत शिव्या घालत होती, आणि माझं डोकं मात्र भिंगारची वेस येईपर्यंतच मोकळं झालं. किती दिवसांनी मला भूक लागली! मी आईला म्हटलं, "आई, बाहेर बरं वाटतंय गं."

"शेकाचा गुन हाय त्यो," आई म्हणाली. "आतापावतर मुरलाय अंगात, म्हनून बरं वाटतंय."

मला पटलं. का नाही पटणार? जिने मला वाढवलं ती सांगत होती. बारशाचा दिवसही तोंडावर आला होता. पप्पांना हॉलच्या छताला पाळण्याचा हूक बसवायचा होता.

त्या दिवशी सकाळी थंडी जास्तच होती. आईने शेगडी काठोकाठ भरली. अंघोळी झाल्या, मी बाजेवर आडवी झाले, आईने दार लावून कडी घातली. तिने बाळाला पायांवर घेतलं. तो थोडा रडला, मग गप्प झाला. बाहेर पप्पांचं ड्रिल सुरू झालं. दाराच्या आत ते अगदी लांबून आल्यासारखं वाटत होतं. मला छान ऊब वाटत होती. इतकी छान की हातपाय माझे नाहीतच, आणि नसले तरी काही बिघडत नाही, असं वाटायला लागलं.

मला तहान लागली. "आई, पाणी दे," मी म्हटलं.

आई बोलली नाही.

"आई, पाणी दे ना!"

आता माझा स्वभाव सांगते. मला दोनदा सांगायला लागलं की संताप येतो. लहानपणापासूनचं आहे, यावरून मी मार खाल्लाय, सासरीही बोलणी खाल्ली आहेत. मान वळवून बघितलं तर आई भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपलेली, आणि बाळ तिच्या पायांवरून एका बाजूला कललेलं. मला भयंकर राग आला. बाळ पायांवर घेऊन झोपते म्हणजे काय! त्याच रागात मी उठले. रागात नसते तर उठलेच नसते, हे मला पक्कं माहीत आहे.

पाय टेकले आणि मी सरळ खाली आले. फरशी गालाला गार लागली. त्या गारव्याने थोडं भान आलं. बाळाचा चेहरा समोरच होता. गुलाबी, छान गुलाबी, नुकतं तेल लावल्यासारखा. मी त्याच्या गालावर बोट आपटलं. डोळा उघडला नाही. तळपायाला टिचकी मारली. पाय हललाच नाही. मी "आई" म्हणून ओरडले असेन, पण आवाज निघाला की नाही सांगता येत नाही. आईचा हात ओढला तर तो जड, माझ्या हातातून सुटून पडला.

तेव्हा मला कळलं की या खोलीत काहीतरी आहे. दिसत नाही, पण आहे, आणि ते आम्हा तिघांना गिळतंय.

दारापर्यंत मी कशी गेले ते नीट आठवत नाही. बाळाला दुपट्यासकट ओढत नेलं. उभं राहता आलं नाही, बसूनच कडीला हात घातला. कडी निघाली. दार निघेना. उचलून ओढायचं होतं ना! माझ्यात बाळाला उचलायची ताकद नव्हती, दार कुठलं उचलते? खालच्या रबराशी मी नखांनी झटले. तिथे एक केसभर फट असती तर त्या फटीला मी बाळाचं नाक लावलं असतं. नव्हती. माझ्या बापाने काम चोख केलं होतं.

तेलाची स्टीलची वाटी हाताला लागली. ती दारावर आपटत राहिले. आणि बाहेर ड्रिल चालू होतं. नातवाच्या पाळण्याचा हूक बसत होता आणि त्या आवाजात माझी वाटी कुणाला ऐकू येणार? मी आपटत होते तेव्हा ड्रिल चालू, मी दमून थांबले की ड्रिलही थांबलेलं, मी पुन्हा हात उचलेपर्यंत ड्रिल पुन्हा सुरू. अरे देवा, असं कुणाच्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

मग कधीतरी दार माझ्या अंगावर आलं. हूक घट्ट बसलाय का बघायला पप्पा थांबले होते आणि त्यांना वाटीचा शेवटचा आवाज ऐकू आला. रिवाज मोडून त्यांनी खांद्याने दार ढकललं. मला त्यांचे पाय दिसले, पायांवर सिमेंटची पांढरी भुकटी. त्यांनी आधी बाळाला उचलून गॅलरीत नेलं, मग आईला बगलेत धरून ओढलं, मग मला. खालच्या काकू, चेअरमन, सगळे धावले. कुणाच्या तरी गाडीतून नगरच्या दवाखान्यात पोचलो. वाटेत काकू बाळाच्या तोंडावर फुंकर घालत होत्या आणि पप्पा एकच वाक्य बोलत होते, "रड ना रे राजा, रड ना."

डॉक्टरांनी आत घेतल्या घेतल्या विचारलं, "घरात शेगडी होती?" मग म्हणाले, "कोळशाचा गॅस आहे. त्याला रंग नाही, वास नाही. खोलीला हवा यायला काही जागा होती का?"

पप्पा म्हणाले, "एक फट ठेवली नव्हती साहेब."

तेच शब्द. पण आवाज माझ्या बापाचा नव्हता.

आई शुद्धीवर आली, मी तर होतेच. ऑक्सिजन लावल्यावर आमची डोकेदुखी उतरली. बाळ मात्र काचेच्या पेटीत राहिलं, नाकात नळी, हाताला सुई. आई त्या काचेजवळ गेली नाही. लांब बाकावर बसून राहिली. मी हाताला धरून नेऊ लागले तर म्हणाली, "नगं. दोन झाली बाई माझ्या हातून." मला तिचा इतका राग आला होता की तिला हलवून हलवून विचारावं, कोळसे कशाला वाढवलेस? आणि ते वाक्य ऐकल्यावर मला तिला पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्ही एकदम वाटलं आणि मी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

बाळ वाचलं. भेटायला आलेले लोक म्हणाले, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. पप्पांनी घरी जाऊन सगळ्या पट्ट्या ओरबाडून काढल्या, झरोक्याचं ॲक्रिलिक हातोडीने फोडलं. मग बिल्डिंगमध्ये दारोदार जाऊन सांगत सुटले की खिडक्या मोकळ्या ठेवा. लोक म्हणाले, "काका, आमच्याकडे कुठे शेगडी आहे?" दुसऱ्या मजल्यावरची सून पोटुशी होती. तिच्या सासूने इस्त्रीवाल्याला कोळशाचं सांगून ठेवलं होतं, धूर होत नाही म्हणून, आमच्या आईचं बघून. पप्पा त्या दारात बसूनच राहिले. सासूबाई हो म्हणेपर्यंत उठले नाहीत.

डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, "आत्ता सगळं ठीक दिसतंय. पण लक्ष ठेवा. नजर धरतो का, आवाजाकडे वळतो का, मान कधी सावरतो. अशा केसमध्ये काही गोष्टी उशिरा कळतात."

उशिरा म्हणजे कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आता आम्ही सुप्याला आहोत. त्याने मान धरली, जरा उशिरा. पालथा पडतो. हसतो. मी त्याच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवते आणि श्वास धरून बघते. वळला की जीव भांड्यात पडतो, पण तो भांड्यात राहत नाही, संध्याकाळी पुन्हा टाळी. घरी येणारी प्रत्येक बाई म्हणते, "किती शहाणं बाळ गं तुझं, रडतच नाही!" तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो. नवरा म्हणतो, तू उगाच मनाला लावून घेतेस. त्याच्या खिळ्यासारखंच त्याचं बोलणं, कुठेही ठोकतो.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तो फार वेळ शांत झोपला की मी त्याला चिमटा काढते. दंडाला, आतल्या बाजूला, दिसणार नाही असा.

गेल्या आठवड्यात आई पहिल्यांदाच राहायला आली. आल्यापासून तिने त्याला घेतलं नव्हतं. लांबून बघायची, हातात काहीतरी काम धरून ठेवायची. दुपारी तो झोपला होता आणि बराच वेळ हलला नव्हता. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, म्हणून मी दंडाशी हात नेला. तो किंचाळून रडायला लागला. मान वळवली तर पिठाचे हात घेऊन आई दारात उभी. तिने माझी बोटं बघितली होती.

मी म्हटलं, "आई, मी..."

"माहितीय," ती म्हणाली. खाली बसली, पिठाच्याच हातांनी त्याला उचलून छातीशी घेतलं. तो आणखी जोरात रडायला लागला. मी त्याला गप्प करायला हात पुढे केले तर तिने माझा हात बाजूला सारला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"नगं गप करू," ती म्हणाली. "रडू दे. लई रडू दे त्याला."